टर्म विम्याचा भाव एकच नसतो

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

जीएसटी हटल्यामुळे टर्म विमा (ठरलेल्या मुदतीत मृत्यू झाला तरच घरच्यांना पैसे देणारा आयुर्विमा) १८ टक्क्यांनी स्वस्त झाला, असे आपल्या अर्थविषयक पानावर वाचले. आधी एवढा हिशेब नीट करू. मूळ हप्ता १०,००० रुपये असेल तर कर धरून ११,८०० भरावे लागत, आता १०,००० भरायचे. म्हणजे खिशातून जाणारी रक्कम १५ टक्क्यांच्या आसपास कमी झाली. पण हे पत्र मी त्या तीन टक्क्यांसाठी लिहीत नाही. सोन्याचा असतो तसा टर्म विम्यालाही रोजचा एक भाव असतो आणि तो उतरेपर्यंत थांबावे, अशी समजूत घरोघरी पसरली आहे. तिच्यामुळे माणसांचे नुकसान होताना मी पाहते आहे.

बडोद्यात रावपुऱ्यातल्या एका करसल्लागाराकडे मी बरीच वर्षे हिशेबाचे काम करते. विवरणपत्रांचे दिवस आले की मंगळबाजारातले दुकानदार, मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतले सुपरवायझर, घरी शिकवण्या घेणाऱ्या बायका कागदांची पिशवी घेऊन येतात आणि त्यात विम्याची एखादी तरी पावती निघतेच. ‘ताई, सध्या टर्मचा काय रेट चाललाय?’ हा प्रश्न तर ठरलेला. कोणाचा रेट, किती वयाचा, कोणत्या वयापर्यंतचा, हे विचारल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

आमच्याच घरची फाइल सांगते. माझ्या यजमानांनी जानेवारी २०१४ मध्ये ५० लाखांचा टर्म विमा घेतला. मूळ हप्ता ८,२०० रुपये. पहिल्या पावतीपासून या जानेवारीच्या पावतीपर्यंत तो आकडा रुपयानेही हललेला नाही. बदलत गेली ती खालची कराची ओळ. सुरुवातीला सेवाकर १२.३६ टक्के होता, म्हणजे १,०१४ रुपये. जानेवारी २०१६ च्या पावतीवर साडेचौदा टक्क्यांनी १,१८९, पुढच्या वर्षी १५ टक्क्यांनी १,२३०. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला आणि १८ टक्क्यांनी १,४७६ झाले. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावरचा कर शून्य झाल्यामुळे यंदा ती ओळच नाही. याचा अर्थ लोकांपर्यंत पोहोचायला हवा. नेहमीच्या टर्म विम्याचा मूळ हप्ता घेतल्या दिवशी ठरतो आणि शेवटपर्यंत तोच राहतो. कर सरकारचा, तो वर-खाली होतो आणि जुन्या विमाधारकालाही लागू होतो.

म्हणूनच करोनानंतर जे घडले ते आपल्याकडे नीट समजले गेले नाही. आयुर्विमा कंपन्या मोठ्या जोखमीचा काही भाग पुनर्विमा कंपन्यांकडे, म्हणजे विमा कंपन्यांचाच विमा करणाऱ्यांकडे, उतरवतात. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत मृत्यूचे दावे वाढले, पुनर्विमा कंपन्यांनी आपले दर वाढवले आणि मग इथल्या अनेक कंपन्यांनी टर्मचे हप्ते वाढवले. ही वाढ नव्याने घेणाऱ्यांना बसली. ज्यांनी २०१९ मध्ये घेतला होता ते जुन्याच हप्त्यावर राहिले. त्याउलट प्रधानमंत्री जीवनज्योती विमा योजना घ्या. दोन लाखांच्या छत्राला (मृत्यूनंतर मिळणाऱ्या विमा रकमेला) २०१५ मध्ये वर्षाला ३३० रुपये होते, १ जून २०२२ पासून ४३६ झाले आणि ते जुन्या सभासदांच्याही खात्यातून कापले जाऊ लागले, कारण ती दर वर्षी नव्याने चालू होणारी योजना आहे. शिवाय तिचे छत्र वयाच्या ५५ व्या वर्षी संपते. कारखान्याने दिलेल्या सामूहिक विम्याचेही तसेच, त्याचा दर साधारण वर्षावर्षाला ठरतो आणि नोकरी सुटली की छत्र जाते. मकरपुऱ्यातल्या कितीतरी तरुणांना वाटते की कंपनीचा विमा आहे म्हणजे झाले. चाळिशीत नोकरी गेली तर नवा विमा चाळिशीच्या दराने घ्यावा लागेल, हे त्यांच्या ध्यानी नसते.

वयाचा परिणाम करापेक्षा कितीतरी मोठा आहे. साठीपर्यंतचे एक कोटीचे छत्र तिसाव्या वर्षी घेतले तर जो हप्ता पडतो, तो चाळिसाव्या वर्षी जवळजवळ दुपटीकडे जातो, दहा वर्षे कमी भरायची असूनही. त्यात काही कंपन्या मागचा वाढदिवस धरतात, काही जवळचा. दुसऱ्या पद्धतीत वाढदिवसाला सहा महिने असतानाच तुम्ही एका वर्षाने मोठे होता.

जुलै २०२४ मध्ये नितीन गडकरींनी अर्थमंत्र्यांना पत्र लिहून विम्याच्या हप्त्यावरचा जीएसटी काढण्याची मागणी केली. बातमी आली आणि ‘आता थांबू या’ची साथच पसरली. प्रत्यक्षात निर्णय झाला सप्टेंबर २०२५ मध्ये. निर्णय जाहीर झाल्यावर तो लागू होईपर्यंत जे थांबले ते शहाणे. पण आमच्याकडे येणारा एक मुलगा, बायको आणि दोन लहान मुले पदरात असलेला, वर्षभराहून अधिक थांबला. मधल्या काळात त्याच्या रक्तात साखर निघाली. कंपनीने विमा नाकारला नाही, पण जादा हप्ता लावला आणि कर माफ होऊन वाचणाऱ्या रकमेपेक्षा तो जास्त आहे, तोही त्याच्या साठीपर्यंत दर वर्षी. शिवाय थांबलेल्या त्या सगळ्या महिन्यांत त्याच्या घरावर कसलेच छत्र नव्हते. हे आठवले की अजूनही माझ्या पोटात गोळा येतो.

आता पुन्हा नवी कुजबुज आहे की कंपन्या मूळ हप्ता वाढवतील. तिला आधार नाही असे नाही. एजंटचे कमिशन, जागेचे भाडे, सॉफ्टवेअर यांवर कंपनी जो जीएसटी भरते त्याची वजावट तिला पूर्वी मिळे. हप्त्यावरचा करच गेल्यामुळे ती वजावटही गेली. हा बोजा कंपनी स्वतः सोसेल, कमिशनातून कापेल किंवा नव्या हप्त्यात घालेल. कोणती कंपनी काय करते ते तिचा दर पाहिल्यावरच कळेल.

आणि दर सारखे नसतातच. माझा भाचा एकतीस वर्षांचा, निर्व्यसनी. एक कोटी, साठ वर्षांपर्यंत, अपघात किंवा आजारपणाचे कोणतेही जादा कलम न जोडता. एकाच संध्याकाळी आम्ही वेगवेगळ्या कंपन्यांचे आकडे काढले तर सगळ्यांत कमी साडेदहा हजारांच्या आसपास आणि सगळ्यांत जास्त पंधरा हजारांच्या पुढे. ‘मावशी, वस्तू एकच ना?’ त्याने विचारले. छत्र एकच आहे, पण प्रत्येक कंपनीचा मृत्यूदराचा अंदाज, पुनर्विम्याचा करार, खर्च आणि कमिशन वेगळे. त्यात पंच्याऐंशी वर्षांपर्यंत छत्र घेतले तर हप्ता वाढतो, हप्ते परत मिळणारा प्रकार घेतला तर फारच वाढतो, महिन्याला भरले तर वर्षाकाठी थोडे जास्त जातात. त्याच वयाच्या बाईला पुरुषापेक्षा कमी हप्ता पडतो. तरीही आमच्याकडे येणाऱ्या पिशव्यांत बायकांच्या नावाची टर्मची पावती क्वचितच दिसते, मग तिच्या शिकवण्यांवर अर्धे घर चालत का असेना.

दोन गोष्टी बडोद्यात विशेष बोलायला हव्यात. पहिली तंबाखू. सिगारेट ओढत नाही म्हणून मावा खाणारा माणूस अर्जात ‘नाही’ लिहितो, कारण तंबाखूवाल्याचा हप्ता खूपच जास्त असतो. एजंटही सांगतो, ‘‘ना’ लखी दो, कोण जोवानुं छे?’ (‘नाही’ लिहून टाका, कोण बघणार आहे?) पण प्रश्न कोणत्याही स्वरूपातल्या तंबाखूचा असतो आणि लघवीच्या तपासणीत ती दिसते. तपासणीतून सुटलेच, तरी विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे पहिली तीन वर्षे कंपनी दडवलेल्या माहितीवरून दावा नाकारू शकते. असा वाचवलेला पैसा अखेर विधवेच्या ताटातून जातो. जास्त हप्ता भरा, पण खरे लिहा.

दुसरी गोष्ट आमच्या कामातली. कंपनी उत्पन्नाच्या ठरावीक पटीतच छत्र देते आणि पुरावा म्हणून विवरणपत्रे मागते. वर्षानुवर्षे उत्पन्न कमी दाखवणारा दुकानदार एक कोटी मागायला जातो तेव्हा त्याला हवे तेवढे छत्रच मिळत नाही. मग स्वस्त-महाग हा प्रश्नच उरत नाही.

संपादक महोदय, माझी मागणी आपल्या वृत्तपत्राकडे आहे. आयआरडीएआय ही विमा क्षेत्राची नियामक संस्था दर वर्षी आपल्या अहवालात कोणत्या कंपनीने किती दावे मंजूर केले ते छापते. हप्त्यांचे मात्र असे एकत्र कोष्टक मराठी वाचकासमोर येत नाही. आपण दर तीन महिन्यांनी ते छापावे. वय २५, ३५ आणि ४५. पुरुष आणि स्त्री. तंबाखू खाणारे आणि न खाणारे. छत्र एक कोटी, साठ वर्षांपर्यंत, वार्षिक हप्ता, कोणतेही जादा कलम नाही. शेजारी त्या कंपनीचे दावे मंजूर करण्याचे प्रमाण संख्येने आणि रकमेने, दोन्ही द्यावे, कारण लहान दावे भराभर देऊन मोठे अडवले तर संख्येत ते लपते. मागच्या तिमाहीचा आकडा पुढच्या रकान्यात ठेवला तर कोणी मूळ हप्ता वाढवला तेही वाचकाला आपोआप दिसेल. जाहिरातीतले ‘फक्त अमुक रुपयांपासून’ बहुधा अगदी तरुण, निर्व्यसनी माणसासाठी असते. पंचेचाळिशीच्या वाचकाला त्याचा स्वतःचा आकडा आपल्या पानावर मिळू द्या.

आपली नियमित वाचक,
दांडिया बाजार, बडोदे