बाबा, चष्मा लावून वाचा

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर बाबा 'बरं आहे' म्हणतात आणि लगेच फोन आईच्या हातात देतात, म्हणून पत्र लिहितेय.

बाबा, गाठीच्या रिपोर्टवर 'न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर, ग्रेड १' असं आहे, म्हणजे संप्रेरकं तयार करणाऱ्या पेशींची गाठ. ऑपरेशनपर्यंत सगळे पित्तनलिकेचा नेहमीचा कॅन्सर धरून चालले होते. डॉक्टरांना बोल लावू नका. डोळे पिवळे, अंगाला खाज, पोटात दुखणं नाही, एमआरसीपीत, म्हणजे पित्तनलिकेच्या एमआरआयमध्ये, नळी अरुंद; दोन्ही आजारांत हेच दिसतं. नळी उघडी राहावी म्हणून आत स्टेंट टाकताना ब्रशने पेशी घेतल्या, त्यातही काही निघालं नाही, कारण ही गाठ बहुधा अस्तराखाली वाढते आणि ब्रश वरूनच फिरतो. संप्रेरकांच्या या पेशी आतड्यात पुष्कळ, पित्तनलिकेत अगदी विरळ, म्हणून तिथे ही गाठ क्वचितच होते. खरं नाव बहुतेकांना ऑपरेशननंतरच कळतं.

तुमचा केआय-६७ २ टक्के आहे. म्हणजे शंभरातल्या दोनच पेशी वाढीच्या तयारीत. ३ टक्क्यांच्या आत असला की ग्रेड १, सगळ्यांत सावकाश वाढणारी. हा आकडा वाचून मी जिन्यात बसून रडले, बाबा.

आई, काविळीच्या माळेत तीन आठवडे गेले म्हणून तू स्वतःला खातेस. माळेने गाठ झाली नाही गं. पण यापुढे घरात कुणालाही कावीळ झाली, तर आधी सोनोग्राफी.

'गाठ काढली, आता कशाला तपासण्या?' असं बाबा म्हणाले, ते मला पटत नाही. ही गाठ सावकाश वाढते, त्यामुळे परतली तर वर्षांनीही परतू शकते. साध्या पेट स्कॅनमध्ये ती निसटू शकते; गॅलियम डोटाटेट स्कॅनमधलं औषध अशा पेशींनाच जाऊन चिकटतं. गाठीच्या तुकड्यांच्या स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक मागून ठेवा, परळला टाटामध्ये पुन्हा वाचून घेऊ. नाशिकरोडहून पंचवटीने निघा, मी दादरला उभी असेन.

आणि थंडी वाजून ताप आला तर गोळी घेऊन झोपू नका. ऑपरेशनमध्ये आतडं थेट पित्तनलिकेला जोडलंय, तिथे जंतुसंसर्ग होतो. रात्र असली तरी दवाखाना गाठायचा.

मखमलाबादच्या बागेची ऑक्टोबर छाटणी दादा बघतोय, मजूर ठरलेत. तुम्ही बांधावर खुर्ची टाकून बसा, कात्रीला हात लावायचा नाही.

तुमची,
सई