मूल गेले, तरी ती बाळंतीणच असते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या श्रावणात आमचे पहिले बाळ, नऊ महिने भरत आलेले असताना, पोटातच गेले. उपचारांत कसूर झाली अशी माझी तक्रार नाही. डॉक्टरांनी त्यांच्या परीने सर्व केले. हे पत्र त्यानंतरच्या दिवसांविषयी आहे.

मुंबईतील ज्या प्रसूतिगृहात पत्नी दाखल होती, तेथे तिला इतर बाळंतिणींच्या वॉर्डातच खाट मिळाली. शेजारी रिकामा पाळणा तसाच होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मीच तो व्हरांड्यात नेऊन ठेवला. पलीकडच्या खाटेवरील मुलीची आई पेढे वाटत आमच्यापाशी आली आणि पाळणा न दिसल्याने गोंधळून थबकली. तिचा काय दोष? जागेची टंचाई परळमध्ये राहणाऱ्याला कोणी समजावून सांगायला नको. परंतु वॉर्डाच्या टोकाची खाट, मध्ये एक पडदा, आणि पाळी बदलली की नव्या परिचारिकेने "बाळ कुठे आहे?" असे विचारू नये म्हणून केसपेपरवर एखादी खूण, एवढ्यासाठी नवी इमारत बांधावी लागत नाही.

हिरव्या कापडात गुंडाळलेले बाळ मला दाखवले. तिला दाखवू नका, त्रास होईल, असे आमच्याच वडीलधाऱ्यांनी सांगितले आणि मी ते ऐकले. त्याला पुरून परत आलो, तेव्हा तिने पहिला प्रश्न विचारला, "डोक्यावर केस होते का रे?" होते, चांगले दाट होते. ते तिने स्वतः पाहायला हवे होते. निदान पाहायचे आहे का, हे तिला विचारायला हवे होते. ही चूक माझी आहे आणि ती आता दुरुस्त होण्यासारखी नाही.

तिसऱ्या दिवशी, घरी आल्यावर, तिला पान्हा फुटला. असे होणार याची आम्हाला कोणीही कल्पना दिली नव्हती. दूध येऊ नये म्हणून वेळेत द्यायचे औषध असते, ते कोणाला चालते हे डॉक्टर ठरवतात, हे आम्हाला फार उशिरा कळले. टाके ओले होते, अंगावरून जात होते, आणि तरीही मालिशवाल्या बाईंना परस्पर "आता येऊ नका" म्हणून निरोप गेला, डिंक-हळिवाचे डबे माळ्यावर गेले. जणू ती बाळंत झालीच नव्हती.

तिच्या कार्यालयानेही गर्भपाताची म्हणून सहा आठवड्यांची रजा देऊ केली. वास्तविक १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याने 'मूल' या शब्दाच्या व्याख्येत मृत जन्मलेल्या मुलाचाही समावेश केला होता, आणि २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी ही रजा २६ आठवड्यांची झाली. हे कलम दाखवून अर्ज केल्यावरच पूर्ण रजा मिळाली. जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यानुसार अशा जन्माची नोंदही करावी लागते. एवढे सगळे असताना "मूल झालेच कुठे होते?" हे वाक्य आम्ही कितीदा ऐकले!

महापालिकेच्या आणि खासगी प्रसूतिगृहांनी अशा मातेला घरी सोडताना पान्हा, टाके, रजा आणि नोंदणी यांविषयी मराठीत छापलेला एक कागद द्यावा, आणि बाळाला न्यायच्या आधी आईला ते पाहायचे आहे का, हे तिलाच विचारावे, एवढी विनंती आहे.

आपला,
एक वाचक, परळ, मुंबई