दुर्बीण बदलू नकोस, आधी चाप बघ

चोपडा,
8 फेब्रुवारी

प्रिय दिनेश,

राम राम भो. बाकावर वाळूच्या पिशव्यांवर रायफल ठेवून मारलं की 100 मीटरला सगळ्या गोळ्या तीन सेंटीमीटरच्या ग्रूपमध्ये, म्हणजे एकाच पुंजक्यात, आणि डोंगरात मांडी ठोकून मारलं की गोळी कधी वीतभर खाली, कधी बाजूला. म्हणून तू रायफलीवरची दुर्बीण बदलायला निघालास. थांब. दुर्बीण सैल असती तर बाकावरही ग्रूप फुटला असता. मला शंका तुझ्या चापाची, म्हणजे ट्रिगरची आहे.

आपल्याकडे 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापासून शिकार जवळजवळ बंद, त्यामुळे इथलं ज्ञान सगळं कागदी टार्गेटवरचं. पण चापाला समोर कागद आहे की हरीण, हे कळत नाही.

चाप चांगला केला म्हणून नळी जास्त अचूक होत नाही. शिकंजात आवळून मारलीस तर चांगल्या-वाईट चापाचा ग्रूप सारखाच येईल. फरक पडतो तो हातात धरल्यावर. साडेतीन किलोची रायफल आणि तीन किलोचा चाप, म्हणजे जवळजवळ रायफलीच्या वजनाइतका जोर तू एका बोटाने लावतोस. पिशव्या तो जोर सोसतात, तुझा गुडघा सोसत नाही. हिशेब कर: कुंदा (रायफलीचा मागचा दस्ता) खांद्याला, नळीचं तोंड साधारण मीटरभर पुढे. तोंड एक मिलिमीटर सरकलं की 100 मीटरवर 10 सेंटीमीटर, 200 वर 20. हरणाच्या छातीतली मर्माची जागा जेमतेम 20-25 सेंटीमीटरची.

वजनापेक्षाही वाईट खोड म्हणजे सरक. आत सिअर नावाचा लहान पोलादी तुकडा फायरिंग पिन (काडतुसावर आपटून बार उडवणारी सुई) अडवून धरतो. चाप आणि सिअरची धार एकमेकींवर जास्त चढलेली किंवा खडबडीत असली, तर चाप रेतीतल्या चाकासारखा अडत-अडत सरकतो. सुटणार कधी ते कळत नाही, नेमका क्षण डोळ्यापुढून निघून जातो, आणि मग माणूस हिसका देतो. चाप तुरीच्या वाळक्या काडीसारखा कट्‌कन मोडायला हवा. मोडल्यावरही तो मागे बराच धावत असेल, तर गोळी नळीत असतानाच बोट रायफलीला धक्का देतं. दोन टप्प्यांच्या चापात आधीची मोकळी चाल येते, ती मात्र दोष समजू नकोस. क्लचच्या फ्री प्लेसारखी ती मुद्दाम ठेवलेली असते. दुसऱ्या टप्प्याची भिंत लागली की तिथून सरक नको.

आधी मोज. रायफल रिकामी कर, चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेत, बोट घालून खात्री कर. बॅग तोलायच्या डिजिटल काट्याला सुतळी बांधून ती चापाच्या मध्यावर अडकव आणि नळीच्या समांतर, सरळ मागे सावकाश ओढ. दहा वेळा. आकडे 1.4 ते 1.5 किलोत राहिले तर झकास. 1.8, मग 2.6, मग 2.1 असे उड्या मारत असतील, तर आत घाण, घट्ट झालेलं तेल किंवा झिजलेली धार आहे. लाकडी कुंदा असेल तर ओल धरून फुगलेलं लाकूड चापाला घासतंय का, तेही बघ. चापात जाड तेल कधी घालू नये. थंडीत ते गोठतं आणि धूळ धरतं. लायटरच्या पेट्रोलने धुऊन कोरडा ठेव.

शिकारीला 1.2 ते 1.6 किलो पुरे. स्पर्धेतल्यासारखा दोन-तीनशे ग्रॅमचा चाप डोंगरात नको. तिकडे दक्षिण गोलार्धात मार्चअखेर तुझा हंगाम सुरू होईल तेव्हा बोटं गारठलेली असतील, वर हातमोजा, आणि समोर डरकाळणारा नर. तेवढ्या हलक्या चापावर बोट टेकण्याआधीच बार निघेल.

चाप स्क्रूने कमी-जास्त होणारा असेल तर पाव-पाव फेरा फिरव. नसेल तर पूर्ण असेंब्ली नवी घे, गनस्मिथकडून बसव. सिअर घरी दगडावर घासू नकोस. वरचा कडक थर पातळ असतो, तो गेला की धार लवकरच गोल होते. जुनी रेमिंग्टन 700 असेल तर आणखी एक. मे 2006 ते एप्रिल 2014 मधल्या एक्स-मार्क प्रो चापांत चिकटवणारं द्रव्य जास्त राहिल्याने बार आपोआप उडू शकतो, म्हणून कंपनीने त्या रायफली परत मागवल्या होत्या. तुझ्या रायफलीचा नंबर त्यांत आहे का, ते तपासल्याशिवाय काडतूस भरू नकोस.

चाप लावला की रिकाम्या रायफलीवर परीक्षा घे. बोल्ट (काडतूस आत ढकलणारा दांडा) दहादा जोरात आपटून बंद कर. सेफ्टी (बार अडवणारी कळ) काढून कुंदा रबरी चटईवर ठोक. सेफ्टी लावून चाप जोरात ओढ, सोड, मग सेफ्टी काढ. यात एकदाही पिन सुटली, तर रायफल वापरायची नाही.

आणि रोज वीस कोरडे बार, म्हणजे काडतुसाविना चाप ओढणं, नळीच्या टोकाजवळ नाणं ठेवून. बोटाच्या पहिल्या पेराची गादी चापाच्या मध्यावर, बाकी हात सैल, सुटल्यावर सेकंदभर बोट मागेच दाबलेलं. नाणं पडलं तर तो बार चुकला समज. हे सेंटरफायरवरच कर, म्हणजे पिन काडतुसाच्या मध्यावर आपटते त्या रायफलीवर; .22 रिमफायरमध्ये ती कडेला आपटते, रिकामी असली तर चेंबरच्या काठावर, म्हणून तिला स्नॅप कॅप (सरावाचं नकली काडतूस) लागते.

दहा आकडे लिहून पाठव, मग पुढचं बोलू. वहिनींना सांग, कळण्याचं पीठ दळून ठेवलंय, कुणी तिकडे निघालं की पाठवतो.

तुझा,
अरुण