परंपरा मोडली म्हणे!

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

काल तुमचा ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्यावरचा लेख वाचला. मोबाईलवरच, कारण आमच्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागात तुमचा पेपर छापील मिळत नाही. लेख लांबलचक आहे, फोटोही झकास. पण तिसऱ्याच परिच्छेदात तुमचे लेखक म्हणतात की मार्च २०२० मध्ये ज्योतिरादित्यांनी काँग्रेस सोडून घराण्याची परंपरा मोडली. कुठली परंपरा हो? आजी विजयाराजे १९५७ ला काँग्रेसच्या तिकिटावर गुन्यातून खासदार झाल्या आणि १९६७ ला काँग्रेस सोडून त्यांनी मध्य प्रदेशातलं द्वारकाप्रसाद मिश्रांचं सरकार घालवलं. वडील माधवराव १९७१ ला जनसंघाचे, १९७७ ला अपक्ष, १९८० ला काँग्रेसचे, १९९६ ला हवाल्याच्या भानगडीत स्वतःचीच मध्य प्रदेश विकास काँग्रेस काढली, मग परत काँग्रेस. नातवाने १० मार्चला, म्हणजे नेमकं वडिलांच्या पंचाहत्तराव्या जयंतीला राजीनामा दिला आणि कमलनाथांचं सरकार गेलं. आता ह्याला परंपरा मोडली म्हणायचं की पाळली, तुम्हीच सांगा.

आणि १९८४ ची निवडणूक तुम्ही एका वाक्यात उरकलीत, ते तर मला फारच लागलं. अहो, ती आमच्या घरात झाली! बाबा अटलजींचे. पुढारी-बिढारी नव्हते ते, पण अटलजी इथल्याच शिंदे की छावणी मोहल्ल्यात जन्मले, आपल्या गावचा माणूस, एवढं त्यांना पुरे होतं. आई महाराजांची, म्हणजे माधवरावांची, तिच्या माहेरी देवघराशेजारी त्यांच्या वडिलांचा, जिवाजीरावांचा फोटो. त्यात माधवरावांनी ऐनवेळी गुना सोडून ग्वाल्हेरहून अर्ज भरला आणि आमच्याकडे अबोला सुरू झाला, मी मधला पोस्टमन, 'बाबांना सांग पाणी तापलंय', 'आईला सांग मला भूक नाही'. महालात तरी वेगळं काय होतं म्हणा, आई भाजपात, मुलगा काँग्रेसात. निकालाच्या दिवशी रेडिओवर आकडा सांगितला, पावणेदोन लाखांनी अटलजी पडले. बाबांनी रेडिओ बंद केला आणि भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली द्यायला लागले, सकाळीच दिलेली होती तरी. बाहेर बाड्याच्या चौकाकडे गुलाल उधळत पोरं चाललेली. आईने साखरभात केला होता, तो तिने गुपचूप झाकून ठेवला आणि दोघांनी पिठलं-भात खाल्ला. चार दिवसांनी तो साखरभात गाईला घातला.

आज दोघंही नाहीत. असते तर बाबांची चांगलीच पंचाईत झाली असती, आताचे महाराज ज्योतिरादित्य अटलजींच्या पक्षात, म्हणजे नवरा-बायकोला जन्मात पहिल्यांदा एकच बटण दाबावं लागलं असतं!

मला त्यांच्या पक्ष बदलण्याचा राग नाही, राग तुमच्या लेखकाचा आहे. २०१९ ला गुन्यात भाजपच्या ज्या के. पी. यादवांनी महाराजांना सव्वा लाखाने पाडलं, त्यांचंच तिकीट २०२४ ला कापलं गेलं आणि महाराज त्याच कमळावर पाच लाखांहून जास्त मतांनी आले. यावर तुमच्याकडे एक ओळ नाही. जयविलास महालातल्या जेवणाच्या टेबलावर फिरणाऱ्या चांदीच्या आगगाडीवर मात्र अख्खा परिच्छेद. ती आगगाडी आम्ही शाळेच्या सहलीपासून बघतोय हो.

आणखी एक. मराठी पेपर असून लेखभर तुम्ही 'सिंधिया' छापलंय. ते स्वतः तसं लिहितात, हिंदीत ठीक आहे, दिल्लीवाल्यांचं सोडा. पण हिंदी बोलणारे रिक्षावालेसुद्धा इथे 'शिंदे की छावणी' म्हणतात आणि तुम्हाला मात्र शिंदे लिहायला जड जातं. हे पत्र छापलंत तर माझे शिंदे बदलू नका. आणि तुमच्या ई-पेपरचं पान मोठं केलं की जोडाक्षरं फुटतात, ते 'द्वारकाप्रसाद' मला चष्मा पुसून तीनदा वाचावं लागलं, तेवढं बघा.

आपला,
एक जुना वाचक, लष्कर, ग्वाल्हेर