बदलीचा अर्ज

घणसोली,
6 जून

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

फोनवर सांगायचा धीर झाला नाही म्हणून पत्र. बाबा, चष्मा लावून आधी तुम्ही वाचा आणि मग आईला वाचून दाखवा. मधलं गाळू नका. तुम्ही गाळता, मला माहीत आहे.

चिपळूण शाखेच्या बदलीचा अर्ज मी जानेवारीत मागे घेतला. बँकही सोडली. 1 एप्रिलपासून नवीन ठिकाणी आहे. गेले दोन महिने तुम्ही विचारत होतात आणि मी "ऑर्डर अजून आली नाही" म्हणत होते. आईने मागची खोली रंगवून घेतली, तिचा फोटो आला, त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

कंपनीत पैसा नेदरलँड्सचा, ऑफिस महापेला, माणसं अकरा, आणि ते ऑफिस सांभाळायचं मी. कारखान्यातून किती कार्बन हवेत जातो त्याचा हिशेब मांडून द्यायचा आणि तो कमी कसा होईल ते सांगायचं, असं काम. आई म्हणेल, धुराचा कसला आलाय हिशेब! पण बाबा, युरोपने आता नियमच केलाय. जानेवारी 2026 पासून बाहेरून येणारं पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खत बनताना किती कार्बन निघाला ते दाखवायचं आणि तिकडच्या आयातदाराने त्याचे पैसे मोजायचे. साधे नट-बोल्टसुद्धा त्यात आले. इकडे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीनेही पहिल्या हजार लिस्टेड कंपन्यांना 2022-23 पासून असा अहवाल सक्तीचा केलाय. मग त्या मोठ्या कंपन्या आपल्या छोट्या पुरवठादारांच्या मागे लागतात.

छोटा पुरवठादार म्हणजे आपला रबाळ्याचा बोल्टवाला. बँकेत असताना त्याचं कॅश क्रेडिटचं कर्ज मीच केलं होतं. परवा गेले तर त्याने मिठाईचा खोका पुढे सरकवला. वर्षभराची वीजबिलं, डिझेलच्या पावत्या, मधेच कुणाची तरी लग्नपत्रिका. "मॅडम, सगळं यातच आहे." बसले टेबलावर पत्ते लावल्यासारखी लावत. एक लिटर डिझेल जाळलं की सुमारे 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड, विजेच्या एका युनिटमागे साधारण 0.7 किलो. गुणाकार कुणीही करेल, पावत्या जमवताना जीव जातो. तेवढ्यात भट्टीकडून तापल्या तेलाचा वास आला आणि मी हातातलं बिल धरून तशीच बसले. तुमच्या डब्याच्या फडक्याला यायचा ना, आई दोनदा उकळायची तरी न जाणारा, त्याच्या जवळपासचा वास.

गॅलरीतून तुम्ही मला तुमच्या कारखान्याची चिमणी दाखवायचात. काळा धूर म्हणजे बॉयलरला हवा कमी पडतेय, फिकट करडा म्हणजे आज बरं जळतंय. मी दुसरीत बाईंना सांगितलं होतं की ढग आमचे बाबा करतात. आता मी तेच शिकवून पोट भरते, एवढंच.

तुमच्या मनात काय येणार ते मला ठाऊक आहे. परदेशी माणसं, उद्या गाशा गुंडाळतील. आपल्या घरात कारखान्याची टाळेबंदी काय असते ते कुणी कुणाला सांगायला नको, आणि आईच्या पाटल्यांचं मी विसरलेली नाही. म्हणून नीट विचारून घेतलंय. कंपनी इथल्याच कायद्याने नोंदलेली आहे. वर्षातून निदान 182 दिवस भारतात राहणारा एक तरी संचालक लागतो, तो मी. परदेशी पैशाचा तपशील 15 जुलैच्या आत रिझर्व्ह बँकेला जातो, त्यावर माझं लक्ष असतं. सीए आणि कंपनी सेक्रेटरी बाहेरचे नेमलेत. सही वाचल्याशिवाय करत नाही, पाणीपट्टीची पावतीसुद्धा दोनदा वाचणाऱ्या माणसाची मुलगी आहे. जोखीम आहेच, नाही कशी म्हणू. पण बँकेत तरी मला तुमच्यासारखी पेन्शन कुठे होती? 2010 नंतर लागलेल्यांना एनपीएसच, म्हणजे पगारातून कापून साठवायची पेन्शन, ती इथेही चालू राहते. पगारासाठी गेले नाही. बरं, थोडंसं पगारासाठीही.

(पर्यावरणाची कंपनी, आणि पहिल्या महिन्यात मी सगळ्यात जास्त काय विकत घेतलं असेल तर कागद! नोंदणी, भाडेकरार, बँक, सगळीकडे तीन-तीन प्रती. तिकडच्या साहेबांना हे अजून सांगितलेलं नाही.)

माझी काळजी करू नका. घर ते ऑफिस रिक्षाने पंधरा मिनिटं. डबा घरचाच, आई, पोळीभाजी आणि ताक. तिकडच्या मीटिंगा संध्याकाळी असतात, त्यांचे दुपारचे दोन म्हणजे आपले साडेपाच, त्यामुळे सातच्या पुढे रोज थांबावं लागत नाही. कधीकधी लागतं.

दादाचं तसं झाल्यापासून तुम्ही माझ्याकडे काही मागितलं नाहीत. हेही खरं तर मागितलं नव्हतंत, स्टेंटच्या रात्री दवाखान्याच्या बाकावर मीच बोलून गेले, की मी येते चिपळूणला. तेव्हा मनापासून बोलले होते. पण चाळिशी उलटल्यावर असं काम पुन्हा कुणी विचारणार नाही, आणि अर्ज मागे घेताना मी तुम्हाला विचारलं नाही कारण तुम्ही "जा" म्हणाला असतात. ते ऐकायचं नव्हतं मला. रागवायचं असेल तर आई, तू रागव. बाबांना जोरात बोलू देऊ नकोस, बीपी चढतं.

मागची खोली तशीच ठेवा. महिन्यातून दोनदा शुक्रवारी रात्री कोकणकन्येने निघेन, पहाटे चिपळूणला. बाबांनी स्टेशनवर यायचं नाही, रिक्षा मिळते.

आता ऐका. रक्त पातळ करायची गोळी एक दिवससुद्धा चुकवायची नाही, "आज बरं वाटतंय" हे कारण चालणार नाही. टूडी इको, ती हृदयाची तपासणी, याच महिन्यात, मी बरोबर असेन. आई, गुडघ्याला पट्टा लावल्याशिवाय विहिरीकडे जाऊ नकोस. दोन दिवसांत मृग लागतोय. पाणी वाढतंय म्हटलं की दोघांनी तडक आत्याच्या माडीवर जायचं. मागच्या पुरात 22 जुलैला "अजून ओट्याला कुठे लागलंय" करत बसलात, तसं या वर्षी नको. कागदपत्रांची पिशवी दाराशी टांगून ठेवा. कौलं शेजारच्या पोराकडून चाळून घ्या, पैसे मी पाठवलेत.

आणि बाबा, त्या तुमच्या एलआयसीच्या डायऱ्या, रोजचा कोळसा किती, वाफ किती लिहून ठेवलेल्या. माळ्यावर होत्या म्हणून पुरातून वाचल्या ना? ऑफिसातल्या पोरांना दाखवायच्या आहेत मला, हिशेब कसा ठेवतात ते. पण काढायला तुम्ही शिडीवर चढू नका. मी आले की काढीन.

तुमची,
चिमी