बेळगावच्या फ्रेमवाल्या काकांना जाहीर आभाराचे पत्र

आदरणीय काकांस,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र आपल्या दुकानात येऊन हातात दिले असते, तर आपण ते न वाचताच गल्ल्यात टाकून 'चहा घेणार का' असे विचारले असते. शिवाय ज्यांनी वाचायला हवे ते लोक आपल्या दुकानात येत नाहीत. म्हणून जाहीरपणे लिहीत आहे.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडाशी मी खानापूरहून जलरंगातील चित्रांची गुंडाळी घेऊन आपल्याकडे आले, तेव्हा माझ्या मनात चित्रकलेविषयी फारसा आदर उरलेला नव्हता. शहरातील एका संस्थेच्या पदाधिकाऱ्यांनी माझी चित्रे 'निवांत पाहतो' म्हणून ठेवून घेतली होती आणि बऱ्याच फेऱ्यांनंतर ती परत मिळाली, तेव्हा कौलारू घरांच्या एका चित्रावर चहाच्या कपाचे गोल वर्तुळ उमटलेले होते. चित्रांविषयी कोणी एक शब्दही बोलले नाही. दुसऱ्या एका मंडळाने कार्यक्रमासाठी रंगमंचामागचा मोठा पडदा माझ्याकडून रंगवून घेतला आणि व्यासपीठावर बोलावून शाल-श्रीफळ दिले. सत्काराबद्दल माझी तक्रार नाही. परंतु शाल-श्रीफळाने रंगांच्या दुकानाचे बिल भागत नाही, हे कलेवर तासभर भाषण करणाऱ्या मान्यवरांच्या ध्यानात कसे येत नाही, हे कोडे मला आजही सुटलेले नाही.

आपण गुंडाळी उलगडली, चार कोपऱ्यांवर चार लाकडी ठोकळे ठेवले आणि एकेक चित्र पाहू लागलात. कौतुक केले नाहीत. उलट, आभाळाचा निळा रंग दोनदा फिरवल्यामुळे मळला आहे, असे स्पष्ट सांगितलेत. मग पहिले चित्र पालथे केलेत, कानावरची पेन्सिल काढलीत आणि विचारलेत, 'नाव पूर्ण सांग. गाव कोणते? कागद कुठला?' मागच्या बाजूला, खालच्या कोपऱ्यात, आपण माझे नाव, खानापूर, जलरंग आणि साल लिहिलेत. शाई कागदातून पुढे उतरते म्हणून पेन्सिलनेच लिहायचे असते, हेही तेव्हाच समजले. पन्नास वर्षांनी कोणी ही फ्रेम उघडली तर त्याला कळायला हवे, असे आपण सहज बोलून गेलात. माझे चित्र पन्नास वर्षे टिकेल, हे गृहीत धरणारे माणूस मला तोवर भेटलेले नव्हते.

त्यानंतरचे सारे शिक्षणच होते. काच चित्राला थेट टेकली की आपल्याकडच्या पावसात आत दमट हवा कोंडते आणि कागदाला बुरशी धरते, म्हणून मधे जाड माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची चौकट, हवा. चित्र मागून सगळीकडे डिंकाने चिकटवायचे नाही, फक्त वरच्या कडेला दोन पट्ट्यांवर टांगायचे, म्हणजे ओल्या-कोरड्या हवेत कागदाला हलायला जागा राहते. पैशांचा विषय मी काढला, तेव्हा 'विकले की दे' एवढेच म्हणालात आणि वहीत रक्कम मांडून ठेवलीत. ती वही मला फार आवडली, कारण उपकार करणारे लोक हिशेब ठेवत नाहीत आणि मग जन्मभर घेणाऱ्याची मान खाली राहते.

दुकानाची दर्शनी भिंत आपण दिलीत, त्याबद्दल तर काय लिहावे. देवादिकांच्या तसबिरी आणि लग्नाचे फोटो यांच्या शेजारी माझी चित्रे लागली, आणि वडिलांच्या फोटोला फ्रेम करायला आलेल्या एका गृहस्थांनी त्यांतले भाताच्या खाचरांचे चित्र घरी नेले. ते कधी कोणत्या प्रदर्शनाला गेले असतील, असे वाटले नाही.

बेळगावला चित्रकलेची परंपरा नाही असे कोण म्हणेल? के. बी. कुलकर्णी यांच्यासारखा गुरू या गावात होता, १९३५ साली इथेच जन्मलेले चित्रकार रवी परांजपे त्यांच्या हाताखाली शिकले, आणि कुलकर्णी सरांच्या नावाचे कलादालन आजही शहरात आहे. पण परंपरेच्या गोष्टी सांगणे सोपे असते. आमच्या शाळांतली मुले कर्नाटकाच्या लोअर आणि हायर या ड्रॉइंग परीक्षा देतात, पलीकडे कोल्हापुरातली मुले महाराष्ट्राच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला बसतात, आणि पुढे काय हा प्रश्न आला की इकडच्यांना बंगळूर पाचशे किलोमीटर, मुंबईही जवळपास तेवढीच. दोन्हीकडच्या कचेऱ्यांना आम्ही दुसऱ्याचे वाटतो. अशा ठिकाणी नवा चित्रकार टिकतो तो पुरस्कारांवर नव्हे. उधारीवर रंग किंवा फ्रेम देणारा दुकानदार, चूक तोंडावर सांगणारा जाणकार आणि चित्रासाठी खिशात हात घालणारा शेजारी यांच्यावर टिकतो. आपल्या एकाच दुकानात मला हे तिघे भेटले. सीमाभागात साहित्य संमेलने गावोगाव भरतात, त्याचा अभिमान आहेच, तेवढ्याच हौसेने एखाद्या गावाने शाळेची एक भिंत वर्षभर चित्रांसाठी मोकळी ठेवली, तर किती बरे होईल.

सज्जनपणा म्हणजे गोड बोलणे, असा आपल्याकडे समज आहे. आपण माझ्याशी एकही गोड वाक्य बोललेला नाहीत, आणि तरीही आपल्याइतके सभ्य वर्तन मी गेल्या काही वर्षांत पाहिलेले नाही.

जांबोटीकडची एक मुलगी कोळशाने उत्तम व्यक्तिचित्रे काढते. तिला आपला पत्ता दिला आहे. कोळसा हाताला लागून पुसला जातो, म्हणून चित्रे कशी आणावीत एवढे तिला फोनवर सांगावे. वहीतली माझी उरलेली रक्कम दसऱ्याच्या आत आणून देते. 'राहू दे' म्हणू नये, ही विनंती.

आपली नम्र,
खानापूर तालुक्यातील एक चित्रकर्ती