दारात आलात की आधी लेकराकडे बघा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी कळव्यात बरीच वर्षं पाळणाघर चालवते, त्यामुळे संध्याकाळी आईबाबा मुलांना न्यायला येतात ती वेळ रोज डोळ्यांसमोर असते आणि त्याबद्दलच लिहावंसं वाटलं. लोकल लेट, पुलावर ट्रॅफिक, घरी जाऊन कुकर लावायचाय, हे सगळं मला कळतं, माणसं अक्षरशः पिळून निघालेली असतात. मुलांवर प्रेम नाही असं तर अजिबातच नाही, पोटाला चिमटा काढून फी भरतात बिचारे. पण तीन वर्षांच्या पोराला फी कळत नाही हो, त्याला तोंड कळतं. दार उघडल्यावर आईचं तोंड आपल्याला बघून खुललं का, एवढंच ते बघत असतं.

माझ्याकडे एक मुलगी आहे, ती अर्धा तास आधीच उलट्या चपला घालून दारात बसते. परवा आम्ही भेंडी कापून रंगात बुडवून ठसे काढले होते, तो कागद हातात घट्ट धरून बसलेली. आई आली ती कानात हेडफोन घालूनच, हाताने थांब अशी खूण केली, दप्तर घेतलं, मला विचारलं जेवली का नीट, आणि कागद घडी घालून बॅगेत गेला. पोरगी काही रडली वगैरे नाही, गप्प झाली, आणि मला रडण्यापेक्षा ते गप्प होणं जास्त लागतं. दुसऱ्या एका मुलाचे बाबा रिक्षा चालवतात. ते रिक्षा बाजूला लावतात, आत येऊन उकिडवे बसतात आणि म्हणतात, दाखव बरं आज काय केलंस, आणि मग हिरवा कुठला, लाल कुठला, हा वाकडा कोणी केला असं सगळं विचारतात. दोन मिनिटं जातात फार तर, पण तो मुलगा जाताना माझ्याकडे वळूनही बघत नाही इतका खूश असतो.

एडवर्ड ट्रॉनिक नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात यावर प्रयोग केलाय. आईने बाळाशी आधी छान खेळायचं आणि मग काही मिनिटं चेहरा एकदम निर्विकार ठेवायचा. बाळं हसून बघतात, हात पुढे करतात, आवाज काढतात, आणि तरी आई काहीच करत नाही म्हटल्यावर तोंड फिरवतात, काही रडायला लागतात. आई समोरच बसलेली असते हां, कुठे गेलेली नसते. मोबाइलमध्ये बघणारा चेहरा पोरांना तसाच दिसत असणार असं मला तरी वाटतं.

मला काही फार मोठं सांगायचं नाहीये. जिना चढायच्या आधी हेडफोन काढा. पहिलं वाक्य डबा संपवलास का, होमवर्क झाला का हे नको, तुझी आठवण आली असं म्हणा, बाबांनी पण म्हणा, आमच्यात असलं बोलत नाहीत म्हणून सोडून देऊ नका. उशीर होणार असेल तर मला फोन करता तसा एक मिनिट मुलाशीही बोला, कारण वाट तो बघत असतो. रविवारी डोक्याला तेल लावून द्या, मटार सोलायला शेजारी बसवा, तलावपाळीला काही विकत न घेता नुसतं फिरवून आणा. रागावलात तर रागवा, पण झोपायच्या आधी पाठीवरून हात फिरू दे. आणि मुलाच्या देखत माझ्याकडे त्याची गाऱ्हाणी सांगू नका, हा जेवतच नाही, हा त्या अमक्यासारखा शहाणा नाही वगैरे. खेळण्यात दंग दिसला तरी त्याचे कान तिकडेच असतात आणि दुसऱ्या दिवशी तो ते मला शब्द न् शब्द सांगतो!

ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामबालशिक्षा केंद्र काढलं, तेव्हा तो भाग आपल्या ठाणे जिल्ह्यातच होता. मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. आपल्याला तर एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायचंय, तेवढं मुलाजवळ जाऊन खाली बसायला काय हरकत आहे?

आता एक विनंती ऑफिसवाल्यांना, तुमच्या पेपरमधून त्यांच्यापर्यंत पोचेल म्हणून. ऐरोली, वागळे इस्टेटमध्ये काम करणारे कितीतरी आईबाबा माझ्या दारात मीटिंगमध्येच असतात, कारण आपली संध्याकाळ म्हणजे अमेरिकेची सकाळ. सगळे कॉल बंद करा असं मी म्हणत नाही. पण ज्यांची मुलं लहान आहेत त्यांना सात ते आठ तेवढं मोकळं सोडा, आठनंतर घ्या ना मीटिंग.

आपली,
पाळणाघरातली मावशी, कळवा, ठाणे